गोदामातल्या स्कॅनरचं लॉगिन मधेच सुटू नये म्हणून

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कास्टिंगच्या (ओतीव धातूच्या नगांच्या) गोदामात पोरं अँड्रॉइड स्कॅनरवर माल मोजतात. जड नग उतरवताना स्कॅनर बराच वेळ खिशातच राहतो; तेवढ्यात लॉगिन सुटलं तर अर्धवट मोजणी पुन्हा करायची, हे त्यांच्या पाठीवर अन्याय आहे. आधी घड्याळ लावून बघा, दोन स्कॅनमध्ये जास्तीत जास्त किती वेळ जातो. सर्व्हरवरची निष्क्रियतेची मुदत (काहीच न केल्यास किती वेळाने लॉगिन सुटतं ती) त्याहून थोडी जास्त ठेवा. स्क्रीन लॉक मात्र २ मिनिटांचा, पिनसह. स्क्रीनचा लॉक आणि सेशन, म्हणजे चालू असलेलं लॉगिन, या वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर बॅटरी वाचवायला अँड्रॉइड ते मागच्या मागे थांबवू शकतं. लॉगिनची एकूण मुदत पाळीएवढी, ८ तास. पाळी बदलताना लॉगआउट सक्तीचं, नाहीतर एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर चढते.