वर जायचं की नाही? फौजदारीत नव्यानं येणाऱ्या वकिलांसाठी

फौजदारी बाजूला ज्युनिअरशिप सुरू केली की पक्षकाराचं एक वाक्य लवकरच कानावर पडतं : "वकीलसाहेब, अर्ज नामंजूर झाला न्हवं? मग वर जाऊया की!" पूर्वी या 'वर' जाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र, मुंबईचा मुक्काम आणि तिथल्या वकिलांची फी असा सगळा खर्च असायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसू लागलं. आता कसबा बावड्यातल्या जिल्हा कोर्टातून रिक्षा केली की हायकोर्ट. त्यामुळे पक्षकाराला 'जाऊ नका' म्हणायला शिकणं आपल्याला जास्त गरजेचं झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३८(२) सांगतं, की इंटरलॉक्युटरी आदेशावर, म्हणजे खटला चालू असताना मध्येच दिलेल्या तात्पुरत्या आदेशावर, रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून आदेशाची फेरतपासणी) चालणार नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ३९७(२) होतं. मधल्या प्रत्येक आदेशावर कुणी वर गेलं तर खटला संपायचाच नाही, म्हणून १९७३ मध्ये ही आडकाठी घातली. (जुन्या केसेसच्या फायलींत जुनीच कलमं भेटतात, दोन्ही आकडे तोंडपाठ हवेत.)

पण मधला आदेश म्हणजे इंटरलॉक्युटरीच, असं नाही. १९७७ चा मधू लिमये निकाल मुळातून वाचा, हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, भागवू नका. राज्याच्या तेव्हाच्या कायदामंत्र्यांच्या बदनामीची केस मुंबईच्या सेशन्स कोर्टात होती. या कोर्टाला केस चालवायचा अधिकारच नाही, ही लिमयेंची हरकत फेटाळली गेली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा आदेश अंतिम नाही आणि निव्वळ इंटरलॉक्युटरीही नाही, मधल्या जातीचा आहे. त्यावर रिव्हिजन चालते. कसोटी साधी : आरोपीची हरकत मान्य झाली असती, तर केस तिथंच संपली असती का?

ही कसोटी लावून बघा. डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपीला सोडण्याचा, अर्ज नामंजूर झाला. मंजूर झाला असता तर तुमच्या आरोपीपुरती केस संपली असती, म्हणून रिव्हिजन चालते. साक्षीदाराला फेरउलटतपासासाठी बोलवायचा अर्ज, म्हणजे जुनं ३११ आणि आताचं ३४८, मंजूर होवो वा नामंजूर, खटला पुढं चालूच राहतो. कागदपत्रं हजर करायच्या अर्जाचंही तेच. २००९ च्या सेतुरामन निकालानं या दोन्हींवर रिव्हिजन चालत नाही असं सांगितलंय. मग राहतं संहितेचं कलम ५२८ (हायकोर्टाचे अंगभूत अधिकार) किंवा घटनेचा अनुच्छेद २२७ (खालच्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार), पण ते दार हायकोर्ट सहज उघडत नाही. चार ओळींच्या नामंजुरीवर तिथं जाण्यापेक्षा आपली हरकत रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नीट नोंदवून घ्या. उद्या अपिलात तीच उपयोगी पडते.

जायचंच ठरलं तर आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा (आदेशाच्या प्रमाणित प्रतीचा) अर्ज टाका. रिव्हिजनची मुदत ९० दिवसांची, आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. तो हिशोब नकलेच्या शिक्क्यातल्या तारखांवरूनच मांडायचा असतो : अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, हातात कधी पडली. शिक्का पुसट असेल तर काउंटर सोडायच्या आधी दुसरा मारून मागा.

सेशन्स की हायकोर्ट, हेही आधी ठरवा. एकीकडे रिव्हिजन केली की त्याच पक्षकाराला दुसरीकडे दुसरी करता येत नाही.

रिव्हिजन दाखल झाली म्हणजे खटला थांबला, अशी बऱ्याच पक्षकारांची समजूत असते. स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागतो. तो सहा महिन्यांनी आपोआप उठतो, हा २०१८ च्या निकालातला नियमही २९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं रद्द केला. शिवाय वरच्या कोर्टानं मूळ रेकॉर्ड मागवलं, तर स्टे नसतानाही खालचं काम अडून बसतं. आरोपी आत असेल तर प्रमाणित प्रतींवर भागवायची विनंती पहिल्याच तारखेला करा, नाहीतर त्याचा जेलमधला मुक्काम तुमच्याच अर्जानं वाढेल.