निकाल कधीपासून लागू? नक्कल खिडकीतून सांगतो

तालुका कोर्टाच्या नक्कल विभागात, म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची प्रत मिळते तिथं, माझी अकरा वर्षं गेली. खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: "भाऊसाहेब, नक्कल अजून हातात नाय, म्हंजी निकाल लागू नाय ना?"

लागू असतो. दिवाणी दाव्यात न्यायाधीशांनी भर कोर्टात निकाल वाचून सही-तारीख केली की तो त्याच दिवसापासून पक्षकारांना बांधतो. हुकूमनामा (निकालात कुणाला काय मिळालं याचा औपचारिक कागद) मागाहून तयार होतो, पण त्यावर तारीख निकालाचीच पडते. बांधाच्या एका दाव्यात कायम मनाई झाली. हरलेला गडी म्हणाला, "अपिलाला महिना हाय," आणि चौथ्या दिवशी बांधावर जेसीबी घातला. समोरच्यानं दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, लावली. मनाई मोडणाऱ्याला त्यात दिवाणी तुरुंगही होऊ शकतो, हे त्याला नोटीस आल्यावर कळलं.

तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालाचा दिवस मोजत नाहीत, नकलेला लागलेले दिवसही वजा होतात. नकलेच्या पाठीमागे शिक्का असतो: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. लोक तिसरी तारीख धरतात आणि फसतात. समजा निकाल ३ जूनचा, अर्ज १० ला, नक्कल २४ ला तयार. १० ते २४ हे १५ दिवस वजा, म्हणजे जिल्हा न्यायालयातली मुदत १८ जुलैपर्यंत. तुम्ही नक्कल २ जुलैला उचललीत तरी तारीख तीच. मधले दिवस वजा होत नाहीत. अर्जाआधी हुकूमनामा रखडला, तेही दिवस मिळत नाहीत. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण तेवढं ताणू नका.

अपील दाखल केलं म्हणजे स्थगिती मिळाली, असंही नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा. तो मंजूर होईपर्यंत जिंकलेला माणूस दरखास्त चालवू शकतो. अपील घालायच्या आधीच घाई असेल तर ज्या कोर्टानं निकाल दिला तिथंच, अपिलाची मुदत आहे तोवर, स्थगिती मागता येते.

जिंकलेल्यांनी निवांत बसू नये. दरखास्तीला साधारण १२ वर्षं मिळतात (कायम मनाईला मुदतच नाही), पण समोरचा एकतर्फी, म्हणजे तुमचं न ऐकताच, स्थगिती आणू शकतो. म्हणून अपिलाच्या कोर्टात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकून ठेवा. ते ९० दिवसच टिकतं, संपायच्या आत नवं टाका.