वायहेके बेटावरचा पहिला उन्हाळा

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातून जवळच्या वायहेके बेटावर राहायला आलेली मराठी कुटुंबे माझ्या ओळखीत मोजकीच आहेत. तरीही दर जानेवारीत त्यांपैकी कोणाचा तरी फोन येतो, आणि नळाला पाणी नसल्याचेच त्यात सांगितलेले असते. तो फोन यंदा कोणाला करावा लागू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

घर शोधताना करार कोणत्या महिन्यापर्यंतचा आहे, हे सर्वांत आधी पाहावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला उन्हाळा असून त्या काळात घर पर्यटकांना देणे मालकाला अधिक फायद्याचे असते. त्यामुळे हिवाळ्यात स्वस्त मिळालेले घर नाताळापूर्वी रिकामे करावे लागते आणि ऐन हंगामात दुसरे मिळत नाही.

शहरातून बेटावरच्या मटियाटियाच्या धक्क्यापर्यंत फेरी बोटीने साधारण चाळीस मिनिटे लागतात. उन्हाळ्यात रांगा लांबतात आणि वादळी वाऱ्यात फेऱ्या रद्द होतात, म्हणून विमान किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच शहरात मुक्कामाला जावे. डाळी, पीठ, मसाले ऑकलंडमधल्या सँड्रिंगहॅम भागातल्या दुकानांतून महिन्याचे एकदम आणावेत.

आता पाण्याविषयी. इथे महापालिकेचे पाणी घरोघरी येत नाही. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून टाकीत उतरतो आणि तेच पाणी पंपाने नळाला येते. दीडशे चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर फार तर दीड हजार लिटर पाणी जमते. चार माणसांनी प्रत्येकी दीडशे लिटर वापरले, तर पंचवीस हजार लिटरची भरलेली टाकी जेमतेम सहा आठवडे पुरते, आणि उन्हाळ्यात तेवढा काळ पुरेशा पावसाविना सहज जातो.

मी माण तालुक्यातली आहे. टँकर आला की हंडे घेऊन धावण्यात माझे बालपण गेले. पण ऑकलंडच्या चार वर्षांत ती सवय सुटली. बेटावरच्या पहिल्याच नाताळात मी शहरातल्या आठ जणांना राहायला बोलावले. टाकी अर्धी भरलेली होती. बारा माणसांच्या आंघोळी, रोजचे कपडे, समुद्रावरून आल्यावर पुन्हा अंग धुणे, यांत आठवड्याच्या आत ती रिकामी झाली. रात्री पंप कोरडाच चालत राहिला आणि जळाला. टँकरवाल्याकडे आधीच मोठी यादी होती. आमची पाळी बाराव्या दिवशी आली. नवा पंप, पाणी आणि पाहुण्यांची शहरातली राहण्याची सोय, यांत आमची वर्षभराची शिल्लक गेली.

म्हणून ऑक्टोबरमध्येच पन्हळीतला पाला काढावा. प्लास्टिकच्या टाकीवर बोटांच्या पेरांनी खालून वर ठोकत जावे. आवाज जिथे पोकळ होतो, तिथपर्यंत पाणी असते. दर रविवारी तिथे खडूने खूण करावी. पाणी एक तृतीयांशावर आले की टँकरसाठी नाव नोंदवावे, तळ दिसण्याची वाट पाहू नये. पाहुण्यांना येण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगावे. आपल्या माणसांना पाणी जपून वापरा म्हणताना आपल्याला संकोच वाटतो, आणि माझ्या मते आपल्या लोकांचे इथले सर्वांत मोठे नुकसान त्या संकोचानेच होते.

सांडपाणीही आपल्याच आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये जाते. फोडणीचे उरलेले तेल, चहाचा चोथा, तीव्र जंतुनाशके मोरीत ओतू नयेत.

कोकणातून आलेल्यांना खडकांवरच्या शिंपल्या पाहून मोह होतो. न्गाती पाओआ या इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या समूहाने 2021 मध्ये बेटाभोवती राहुई, म्हणजे परंपरेने घातलेली बंदी, जाहीर केली आणि त्याच वर्षी तिला सरकारी आदेशाचीही जोड मिळाली. शिंपल्या, स्कॅलप (पंख्याच्या आकाराचे शिंपले), पाउआ (मोठी समुद्री गोगलगाय) आणि शेवंड यांसाठी ती होती. एकेकाळी विपुल असलेले हे जीव संपत चालले, म्हणून त्यांनी ती घातली. आपले काही लोक शहरातून येऊन शिंपल्या काढतात आणि ‘कोण पाहते आहे?’ असे म्हणतात, याची मला मनापासून लाज वाटते.

शनिवारी सकाळी ऑस्टेंडच्या बाजारात जावे आणि शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी. आमचा पंप जळाला तेव्हा पलीकडच्या घरातल्या वृद्ध बाईंनी रोज दोन बादल्या पाणी कुंपणावरून दिले. त्यांच्या टाकीतही तेव्हा फारसे उरलेले नव्हते.