युरोपीय मोल आणि दाढीवाला कॅपुचिन : तुलना कशी लिहावी

विज्ञान प्रकल्पासाठी दोन प्राण्यांची तुलना करताना आधी जाती नक्की कराव्यात. नुसते ‘मोल’ आणि ‘माकड’ म्हटले की अनेक जातींची माहिती एकमेकींत मिसळते. येथे युरोपीय मोल (जमिनीत बोगदे खणून राहणारा छोटा सस्तन प्राणी) आणि ब्राझीलमधील दाढीवाला कॅपुचिन (एक माकड) घेतले आहेत. हे दोन्ही विदर्भात आढळत नाहीत. तरीही रात्री घरात भिंतीच्या कडेने पळणारी चिचुंद्री मोलच्याच गणातली आणि धुऱ्यावरून तुरीत शिरणारे वानर कॅपुचिनच्याच गणातले असल्याने, निरीक्षणाचा सराव गावातच करता येतो. घूस मात्र बिळात राहते एवढ्यावरून तिला मोलची नातलग ठरवू नये. ती उंदराच्या कुळातली आहे.

वजन एका ओळीत उरकावे : मोल साधारण १०० ग्रॅम, कॅपुचिन २ ते ४ किलो.

खरा वेळ हातांना द्यावा, कारण दोघांची राहणी तेथेच उलगडते. मोलचा तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो आणि पाच बोटांखेरीज अंगठ्यालगत विळ्याच्या आकाराचे एक जादा हाड असते. त्यामुळे पंजा रुंद होऊन माती मागे लोटणे सोपे जाते. कॅपुचिन ताडवर्गातील झाडाचे टणक फळ दगडावर किंवा लाकडावर ठेवतो, सुमारे किलोभराचा दगड दोन्ही हातांनी उचलतो आणि फळावर आपटतो. स्वतःच्या वजनाच्या चौथाईहून कमी नसलेला हा भार तो मागच्या पायांवर उभा राहून पेलतो, हे अवश्य लिहावे. ब्राझीलमधील सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानातील उत्खननात या माकडांची सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाली आहेत.

दातांची नुसती संख्या देऊन थांबू नये. मोलला ४४ दात असतात व त्याचे मुख्य अन्न गांडूळ. कॅपुचिनला ३६, आणि तो फळे, कीटक, लहान प्राणी असे बरेच काही खातो. वानराचे ३२ दात शेजारी मांडल्यास अमेरिकेतील आणि आपल्याकडील माकडांतला फरकही दिसतो.

‘माकड हुशार, मोल मंद’ असे शेरे टाळावेत. मोलचे डोळे बारीक असले तरी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर स्पर्श टिपणारी हजारो सूक्ष्म इंद्रिये असतात, आणि अंधाऱ्या बोगद्यात तीच उपयोगी पडतात.

गर्भकाळ दोघांचा एकाच एककात द्यावा : मोलचा सुमारे ४ आठवडे, कॅपुचिनचा सुमारे २२. पिल्लांची संख्या त्यालगतच लिहावी. मोलला एका वेळी बहुधा तीन-चार होतात, कॅपुचिनला एकच.