पेजेच्या टोपावरून अटलांटिकचं वादळ कसं ओळखावं

पुतण्या यंदा पहिल्यांदाच जहाजावर चालला आहे. तोही ऐन जानेवारीत, रॉटरडॅमहून न्यूयॉर्कला. लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. डिचोली-फोंड्याच्या आणखी कुणा पोराला उपयोग झाला तर बरंच.

आपल्याकडची चक्रीवादळं गरम समुद्रावर पोसतात. तिकडे चाळीस-पन्नास अक्षांशांवर उत्तरेची गार हवा आणि दक्षिणेची उबदार हवा भिडतात, तिथे वादळ उठतं. शाळेच्या भूगोलात एवढंच होतं. पण उठलेलं वादळ किती माजणार, यात वाफेचा मोठा हात असतो.

आधी स्वयंपाकघरात जा. पेज रटरटत असताना झाकण उचलून बघा. हात वाफेवर धरू नका, मी धरला होता. किलोभर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून जास्त ते पूर्ण आटवायला लागते. ती वाफेत दडून राहते आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं की सुटते. झाकणावर तसंच ढगातही. मग ढगातली हवा तापून आणखी वर चढते, खाली दाब उतरतो, वारा आणखी वाफ ओढून आणतो.

आता समुद्राच्या तापमानाचा नकाशा उघडा आणि गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून उत्तरेकडे जाणारा उबदार पाण्याचा प्रवाह, शोधा. एक वादळ पुढे सरकलं की मागून अमेरिकेची कोरडी, गोठवणारी हवा त्या उबदार पाण्यावर येते. पहाटे समुद्र चुलीसारखा धुमसताना दिसतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुठेतरी आग लागली! ही वाफ म्हणजे पुढच्या वादळाची शिदोरी.

मग उपग्रहाचं चित्र. शीत आघाडीच्या, म्हणजे पुढे सरकणाऱ्या गार हवेच्या कडेच्या, पुढून उत्तरेकडे जाणारा जाड पांढरा पट्टा दिसेल. त्यातली हवा साधारण दोन दिवसांत पाण्यालगतून आठ-दहा किलोमीटर उंच जाते. ढगांचा स्वल्पविराम झाला, डोकं गुंडाळू लागलं आणि मागून कोरडा काळा पट्टा आत घुसला, की सावध.

डोक्याच्या टोकाकडे विशेष लक्ष ठेवा. तिथला पाऊस-बर्फ कोरड्या हवेत विरला की उलटा खेळ होतो : हवा गार, जड होऊन खाली येते आणि वरचा सोसाटा पाण्यापर्यंत पोचायला मदत होते. १६ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडं पाडणाऱ्या वादळात अभ्यासकांना असाच झोत दिसला. त्याला ते स्टिंग जेट म्हणतात.

बॅरोमीटरची नोंद दर तीन तासांनी. ४५ अक्षांशावर वादळाच्या मध्याचा दाब २४ तासांत २० हेक्टोपास्कलने उतरला, तर त्याला 'बॉम्ब' म्हणतात. तुमचा काटा भराभर उतरू लागला तर कॅप्टनला उठवा. आणि कुकला टोप बांधून घ्यायला सांगा. आमच्याकडे एकदा सगळी डाळ भिंतीवर गेली होती.