एका डोंगलवर तीन चॅनल घेताय? या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ओलाव्याचे लोरावॅन (लोरा रेडिओवर लांबवर छोटे निरोप पाठवण्याची पद्धत) सेन्सर लावले, की प्रत्येक सेन्सर आपला निरोप कधी या, तर कधी त्या चॅनलवर टाकतो. भारतातले ठरलेले तीन चॅनल म्हणजे ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. तिन्ही एकदम एका आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) घेता येतात. गेटवे (सेन्सरचे निरोप झेलून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) विकत घेण्याआधी सिग्नल बांधापर्यंत पोचतो का, हे बघायला ही सोय झकास. पण निरोप दिसेना झाले, की जो तो डीकोडरच्या, म्हणजे सिग्नलमधून निरोप काढणाऱ्या प्रोग्रामच्या, मागे लागतो. डीकोडर बहुधा ठीकच असतो, त्याच्यापर्यंत माल धड पोचलेला नसतो.

सँपल रेटचा हिशेब

सेकंदाला जितके सँपल (सिग्नलची मोजमापं), तितक्या हर्ट्झचा पट्टा दिसतो. पहिल्या आणि शेवटच्या चॅनलमध्ये अंतर ०.९२२५ मेगाहर्ट्झ, म्हणून सेकंदाला १० लाख सँपल पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. वरचे आकडे चॅनलच्या मध्याचे आहेत आणि प्रत्येक चॅनल १२५ किलोहर्ट्झ रुंद आहे. खरा पसारा ८६५ ते ८६६.०४७५, म्हणजे १.०४७५ मेगाहर्ट्झ. त्यात पट्ट्याच्या दोन्ही कडांना सिग्नल मुळातच पडलेला असतो. २० लाख ठेवा. त्याला १२५ हजारांनी पूर्ण भाग जातो, पुढचं डेसिमेशन (सँपल कमी करणं) सोपं होतं. उगाच ३२ लाखांवर मात्र जाऊ नका, तिथे सँपल गळतात. २४ लाखांपर्यंत डोंगलचा भरवसा धरावा.

मध्य कुठे ठेवायचा

डोंगल ज्या फ्रिक्वेन्सीवर लावतो, ती पट्ट्याचा मध्य. त्यासाठी ८६५.४ हा गोल आकडा सगळ्यांना आवडतो आणि नेमका तोच घात करतो. डोंगलच्या मध्यावर डीसीचा (डोंगलने स्वतःच उभा केलेला खोटा सिग्नल) एक खिळा उभा असतो. लहान असला, तरी तो दुसऱ्या चॅनलच्या पोटात बसतो. मध्य ८६५.६ वर घ्या, तिथे कुठलाच चॅनल नाही. मग जीएनयू रेडिओ या सिग्नल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या तीन फिल्टरना ऑफसेट (मध्यापासूनचं अंतर) द्यायचे: उणे ५३७.५, उणे १९७.५ आणि अधिक ३८५ किलोहर्ट्झ. चिन्ह उलटं पडलं, तर वॉटरफॉलवर (सिग्नलचं सरकतं चित्र) सिग्नल दिसतो, पण फिल्टरच्या पलीकडे नुसती खरखर. डीकोडर उघडण्याआधी प्रत्येक फिल्टरच्या पुढे एक वॉटरफॉल लावून बघा, निम्मे घोळ तिथेच सापडतात.

कुणी पॉलीफेज चॅनलायझर सुचवेल. तो पट्ट्याच्या सारख्या फाका करतो. इथे चॅनलमधली अंतरं ३४० आणि ५८२.५ किलोहर्ट्झ आहेत, तेव्हा तो नाद सोडा. तीन वेगळे फिल्टरच बरे. त्यांची धारही फार तासू नका. ५ किलोहर्ट्झऐवजी २५ ची उतरण (कडेला सिग्नल पूर्ण कापायला लागणारी रुंदी) दिली, तर फिल्टरचं काम पाचपटीने हलकं होतं.

गेन आणि टॉवर

डोंगल अवघं ८ बिटांचं, मोठा आणि बारीक सिग्नल एकदम पेलत नाही. मोबाइलचा ८५० चा पट्टा टॉवरकडून ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, अगदी आपल्या शेजारी. बागेजवळ टॉवर असेल आणि गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) ऑटोवर, तर टॉवर ओरडला की सेन्सर दबतो. गेन हाताने लावा. गोंगाटाची पातळी नुकती उचलली जाईल इतकाच. तरी भागलं नाही, तर ८६५ ते ८६७ चा सॉ फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारा) अँटेना आणि डोंगलच्या मध्ये घाला.

मे महिन्यातलं डोंगल

सकाळी सगळं चालतं आणि दुपारी बंद पडतं, ही तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. भुसावळ-रावेरला पारा ४५ च्या आसपास, त्यात डोंगल विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत. स्वस्त डोंगलचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा) ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५०, सरकला, तर ८६५ वर ती चूक ४३ किलोहर्ट्झची होते. लोरा १२५ च्या चॅनलला साधारण ३१ पर्यंत सांभाळून घेतं, पुढे नाही. टीसीएक्सओवालं (उष्णतेने फार न सरकणाऱ्या क्रिस्टलचं) डोंगल घ्या आणि ते सावलीत ठेवा.

अँटेना केळीच्या शेंड्याच्या वर हवी, पाण्याने भरलेली पानं हा पट्टा खातात. केबल मात्र लांबवू नका: साध्या आरजी-५८ च्या २० मीटरमध्ये १० डेसिबल सहज जातात.

एसएफ विसरू नका

एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) म्हणजे निरोप किती हळू पाठवायचा त्याची पायरी, आणि प्रत्येकीला वेगळा डीकोडर लागतो. तीन चॅनल आणि ७ ते १२ असे सहा एसएफ, म्हणजे अठरा डीकोडर. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) धापा टाकतो आणि टर्मिनलवर ओ-ओ-ओ उमटायला लागतं. ही सँपल सांडल्याची खूण. चाचणीपुरता सेन्सरचा एसएफ एकच ठेवा, एडीआर (एसएफ आपोआप बदलणारी सोय) बंद करा. कायमचं काम असेल, तर माझं मत सरळ आहे: एसएक्स-१३०१ चिपचा गेटवे घ्या, तो आठ चॅनल सगळ्या एसएफसकट ऐकतो. एसडीआर शिकायला आणि दोष शोधायला.