कुठलं कॅल्शियम, हे आधी विचारा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणाच्या पोटरीत गोळा आला की आजी म्हणायची, "कॅल्शियम कमी पडतंय तुला." एवढ्याच भांडवलावर मी बडोद्यात एमबीबीएसला गेले आणि फिजिऑलॉजीच्या पहिल्या तोंडी परीक्षेत अडकले. रक्तातलं कॅल्शियम घटलं तर स्नायूंचं काय होतं? आकुंचनाला कॅल्शियम लागतं हे पाठ होतं, म्हणून म्हटलं, "ढिले पडतात." खरं तर ते आखडतात, टेटनी होते.

म्हणून नव्यांना कळकळीनं सांगते: कॅल्शियम म्हटलं की कुठलं, ते आधी विचारा. हातापायांचे स्नायू आकुंचनासाठी पेशीच्या आतला साठा वापरतात, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधला. चेतातंतूचा संदेश स्नायूपेशीच्या टी-नलिकांतून खोल उतरतो, साठ्याचं दार म्हणजे रायनोडाइन रिसेप्टर उघडतं, कॅल्शियम सुटून ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं आणि मायोसिनच्या तंतूंना ॲक्टिनच्या तंतूंवर पकड घेता येते. हृदयाला मात्र दर ठोक्याला बाहेरचं कॅल्शियमही हवं. लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडणारं बेडकाचं हृदय शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात मंदावलं, तेव्हा इंग्रज डॉक्टर सिडनी रिंगरला १८८३ मध्ये हे उमगलं. रक्तातल्या कॅल्शियमचं काम तिसरंच: ते चेतातंतूंच्या सोडियम चॅनेलना (सोडियम आत सोडणाऱ्या वाटांना) आवर घालतं. ते घटलं की चेता जराशा निमित्तानं चेततात आणि स्नायू आखडतात.

मला हे खरं पटलं वॉर्डात. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या, त्यानंतर रक्तातलं कॅल्शियम घटलेल्या एका काकूंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून दाब चढवून धरला होता. दोनेक मिनिटांत मनगट वाकलं, ताठ बोटं एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात गेला. "हात ऐकतच नाही गं," काकू घाबरून म्हणाल्या. मी पट्टा सोडला. पुस्तकातलं ट्रूसो चिन्ह तेव्हापासून विसरले नाही.

आजार वाचताना मी दोनच गोष्टी बघते: दार बिघडलंय की पंप? स्नायू सैल पडायलाही खर्च येतो. दोन कॅल्शियम आयन साठ्यात परत ढकलायला पंपाला एक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं एक नाणं, लागतं. ब्रोडी आजारात हा पंप लंगडतो, भराभर मुठी वळल्या की मूठ लवकर उलगडत नाही. मॅलिग्नंट हायपरथर्मियात बहुधा दारात दोष असतो: हॅलोथेनसारखी भूल किंवा स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन मिळालं की कॅल्शियम सुटतच राहतं, स्नायू कडक होतात, अंग भट्टीसारखं तापतं. दार आवरणारं औषध डॅन्ट्रोलीन. हा दोष घराण्यात चालतो. तेव्हा हिस्टरी घेताना "घरात कुणाला भुलीत त्रास झाला होता का?" हा प्रश्न पहिल्या वर्षापासूनच तोंडात बसवा.